होडीचा परकर

मालनबाईंच्या पत्र्याच्या शेडला खिडकी नाही. उजेड मिळावा म्हणून त्यांनी शिलाई मशीन थेट दारात ठेवलं आहे. त्यामुळे मशीन सरकवल्याशिवाय बाहेरच्याला आत जाता येत नाही आणि त्यांना बाहेर येता येत नाही. नाशिक रोडला, आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून, त्या एकोणीस वर्षं अशा बसल्या आहेत.

त्या कव्हरं शिवतात. ट्रॅक्टरची, स्कूटरची, कूलरची, द्राक्षबागेत औषध मारायच्या ब्लोअरची. माहेर दिंडोरी तालुक्यातलं, त्यामुळे तिकडची गिऱ्हाइकं अजून येतात. नवरा ताडपत्र्या शिवायचा. तो गेल्यावर दोन आठवड्यांनी त्या त्याच्या मशीनवर बसल्या. जाड कापडावर सुई चालवायला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून पहिल्या महिन्यात दोनदा बोटातून सुई आरपार गेली. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं.

मी रोज दुपारी चारला खुर्ची घेऊन त्यांच्या दारासमोर बसते. ओळख झाली ती एका मिक्सरच्या कव्हरामुळे. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर भरतकामाचा नमुना हातात आला की आधी उलटा करून बघत. तीच सवय मला. मी कव्हर उलटं केलं तर आत एक गाठ नव्हती, एक लोंबता दोरा नव्हता. मालनबाई म्हणाल्या, "ताई, उलटं करून बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

माझ्या डायरीत २१ नोव्हेंबर २०२३ च्या पानावर मी लिहिलं आहे, "हर्षाली आली होती. होडीसाठी परकर हवा म्हणते."

हर्षाली ही तिसऱ्या मजल्यावरच्या अंजलीची मुलगी. वय पंचवीस. शाळेत खेळ शिकवते आणि रविवारी गंगापूर धरणावर कयाक चालवते. कयाक म्हणजे एका माणसाची चिंचोळी, वरून बंद होडी. वर कमरेएवढं एकच भोक, त्यात पाय लांब करून बसायचं. लाटेचं पाणी त्या भोकातून आत जाऊ नये म्हणून कमरेला एक घेरदार कापड घालतात आणि त्याची इलॅस्टिकची कड भोकाच्या काठावर ताणून बसवतात. इंग्रजीत त्याला स्कर्ट म्हणतात. मालनबाईंनी त्याचा तिथल्या तिथे परकर करून टाकला.

"अगं, पण यात तू बांधलीच गेली की," त्या म्हणाल्या.

"मावशी, बांधलं जायचंच असतं. होडी आणि मी एक व्हायला हवं ना."

"आन् पालथी झाली म्हंजे?"

"मग सुटायचं. त्यात काय एवढं!"

जानेवारीत तिला अंदमानकडच्या एका संरक्षित बेटसमूहात जायचं होतं. दिवसा बेटाबेटांमधून कयाक चालवायची आणि मुक्काम सोबतच्या मोठ्या होडीवर. परवानगी मिळायलाच दोन महिने गेले होते. मागवलेला स्कर्ट वेळेत पोहोचणार नव्हता. म्हणून ती आपला जुना, फाटलेला स्कर्ट नमुन्याला आणि होडीच्या भोकाचा पुठ्ठ्याचा साचा मापाला घेऊन आली होती.

मालनबाईंनी तो परकर तीनदा उसवून चौथ्यांदा शिवला. नमुन्याला पुढच्या बाजूला लाल पट्ट्याचा एक लूप होता, जिभेसारखा बाहेर लोंबणारा. "हे खुंटीला टांगायचं दिसतंय," त्या म्हणाल्या. "कुण्या येड्यानं बाहेरून लावलंय." कोटाच्या कॉलरला टांगायची पट्टी असते ती आतून. तशीच त्यांनी ही आत घेतली, दुमडली आणि दुहेरी टीप मारली. मी परकर उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "अप्रतिम." तोच शब्द मी डायरीतही लिहिला.

८ जानेवारीच्या संध्याकाळी हर्षालीने तो जीन्सवर बांधला, एक गिरकी घेतली आणि घडी करून नेला. नऊ तारखेला ती गेली.

अकरा तारखेला, गुरुवारी, मालनबाई म्हणाल्या, "ताई, ती पोरगी त्या परकराचं करती तरी काय, दाखवा की." हर्षालीने धरणावरच्या सरावाचे व्हिडिओ मला कधीचे पाठवले होते. त्यातला एक मी लावला. होडी एका अंगाला कलली आणि पालथी झाली. मग पाण्याखालून घेतलेला भाग होता. हर्षाली उलटी लटकलेली, केस खाली पसरलेले. तिचा उजवा हात कमरेपुढे गेला, लाल लूप सापडला, तिने तो ओढला. कापड काठावरून सुटलं आणि ती बाहेर आली.

मालनबाईंचा पाय पायडलवर थांबला.

"मागं घ्या, ताई. परत दाखवा."

मी तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "ते खुंटीचं नव्हतं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तिच्या लक्षात आलं असेल."

"लक्षात येऊन काय करील? दुहेरी टीप हाय. ब्लेडबिगर उसवायची नाय ती."

हर्षालीचा फोन लागेना. सहल नेणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात मी फोन केला. तिथला मुलगा हिंदीत म्हणाला, मोठी होडी आज सकाळीच निघाली, तिकडे नेटवर्क नाही, आता चौदाच्या रात्रीच परत. मी म्हणाले, त्यांना कळवा की लूप आत शिवला गेला आहे. तो म्हणाला, "कशाच्या आत, मॅडम?" मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "कपड्यांचं आहे का? मग परत आल्यावर बघू." मी त्याच दिवशी इंग्रजीत अकरा ओळींचा ईमेल लिहिला आणि मालनबाईंना मराठीत वाचून दाखवला.

"लय गोड लिहिलंय," त्या म्हणाल्या. "मरून जाईल, असं लिहा."

मी बारावी ओळ लिहिली. तो ईमेल सोळा तारखेपर्यंत कुणी उघडला नाही हे पुढे कळलं.

खरी कोंडी अंजलीमुळे होती. ऑफिसातून परतताना ती रोज शेडसमोर थांबायची. "मावशी, मला काही काळजीच नाही बघा. तुमची शिलाई म्हटल्यावर थेंब जायचा नाही आत." मालनबाई मान खाली घालून रिकामं मशीन चालवायच्या. सुईत दोरा नसायचा, ते अंजलीला दिसायचं नाही. ती गेली की मला विचारायच्या, "सांगू का तिला?" मी म्हणाले, नको. सांगून ती इथे बसून काय करणार? हा सल्ला माझा होता, तोही लिहून ठेवते.

शुक्रवारी दिंडोरीहून एक बागायतदार ब्लोअरचं कव्हर घ्यायला आला. ते शिवून झालं नव्हतं. मालनबाईंचं काम वेळेत न होण्याची ती पहिली वेळ. तो म्हणाला, "बाई, बरं नाय का?" त्या म्हणाल्या, "हाय बरं." तो रिकाम्या हाताने गेला.

शनिवारी मी खुर्ची घेऊन गेले तर मशीनमागे त्या दिसल्या नाहीत. हाक मारली तेव्हा खालून "ओ" आली. मशीनवरून वाकून पाहिलं. कपडे भिजवायच्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात मालनबाई बसल्या होत्या. उरलेल्या कापडाचा त्यांनी दुसरा परकर शिवला होता, तसाच, लूप आत. तो कमरेला बांधून त्याची कड टबाच्या काठावर ताणून बसवली होती. पाय आत, हात बाहेर, डोळे मिटलेले.

"हे काय?"

"सुटतं का बघते."

पुढून ओढलं तर कापड बोटांतून निसटत होतं. मधोमध मूठ मारली तर ते नुसतं ताणत होतं. टब त्यांच्यासकट हलत होता. मला मशीन सरकवता येईना, मी बाहेरूनच बघत राहिले. शेवटी त्यांनी उजव्या मांडीजवळ, काठाच्या अगदी बुडाशी, दोन बोटं घुसवली आणि कड वर उचलली. फट्‌ आवाज झाला. कापड सुटलं.

"हितून सुटतं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "हितून धरलं तर सुटतं, ताई. पण तिला ठावं हाय का हे?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते नऊ वेळा केलं. रविवारी मी मुद्दाम गेले नाही.

सोमवारी संक्रांत होती. सकाळी साडेदहाला फोनवर हर्षालीचा फोटो आला. धक्क्यावर उभी, उन्हाने नाक सोललेलं, हसते आहे. मी पायऱ्या उतरून शेडकडे जवळजवळ धावले. मालनबाईंनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "तोंड नको. परकर दाखव म्हणा."

गुरुवारी हर्षाली स्वतःच तो घेऊन आली. आधी तिने बेटांबद्दल सांगितलं आणि आम्ही ऐकलं. चौकीवर प्रत्येकाचं नाव, प्रत्येक पिशवी नि बाटली लिहून घेतात आणि परतताना तेवढीच आहे का बघतात. शिंपलासुद्धा उचलायचा नाही. काही बेटांवर पाय टेकवायचीच मनाई, लांबून वळसा घालायचा. खारफुटीच्या आत होडी शिरली की वल्ह्याचा आवाज आपलाच आपल्याला मोठा वाटतो. पाणी इतकं नितळ की खाली प्रवाळांवर होडीची सावली सरकताना दिसते. एकदा ती सावलीच बघत होती, तर बाजूला एक कासव वर आलं, श्वास घेतला आणि खाली गेलं.

मालनबाईंनी तोवर परकर मांडीवर उलटा केला होता. कडेवरून बोट फिरवत त्या उजव्या बाजूला थांबल्या.

"हितं इलॅस्टिक ताणलंय. नख लागून कापडाला चीर गेलीय. दोन हातांनी ओढलं ना?"

हर्षालीने त्या चिरेवर अंगठा ठेवला. मग म्हणाली, "मावशी, आईला सांगू नका."

पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं की लूप आत आहे. सोबतच्या गाइड मुलाने होडीत बसण्याआधी सगळ्यांना विचारलं, लूप बाहेर आहे ना? ती हो म्हणाली. ब्लेड तिच्या पिशवीत होतं. "पण इतकं सुबक शिवलं होतं तुम्ही. उसवायला मन होईना. म्हटलं पाणी शांत आहे, चालेल."

तिसऱ्या दिवशी दोन बेटांमधल्या खाडीत भरती फिरली. धरणातून आवर्तन सोडल्यावर कालव्याला पाणी येतं तसं पाणी आलं आणि तिची होडी आडवी होऊन पालथी झाली. "सगळं दिसत होतं, मावशी. मासे, प्रवाळ, माझे हात. लूप तेवढा नव्हता. तीनदा शोधला. आत आहे हे माहीत असून शोधत होते." मग कसंबसं मांडीजवळ कापड मुठीत आलं. बाकीचे पुढे गेले होते, कुणी पाहिलं नाही.

"किती वेळ?" मालनबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

तेवढ्यात अंजली आली. हातात साडीची पिशवी होती. लेक सुखरूप आली म्हणून मालनबाईंना साडी. "घ्या मावशी, नाही म्हणू नका. तुमच्या हाताने राखलं तिला."

हर्षालीने मालनबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चष्मा पुसायला घेतला.

"मला घेता यायची नाय," मालनबाई म्हणाल्या, आणि परकर अंजलीपुढे धरून त्यांनी लूपपासून चिरेपर्यंत सगळं सांगितलं. आवाज चढला नाही. स्वतःला झाकणारा एक शब्द त्यात नव्हता, आणि हर्षालीला झाकणाराही नव्हता.

अंजलीने ऐकून घेतलं. "चल," एवढंच ती मुलीला म्हणाली. जाताना हर्षाली वळून म्हणाली, "सांगू नका म्हटलं होतं ना!" साडीची पिशवी मशीनवर राहिली. ती मी वर नेऊन दिली. दार अंजलीनेच उघडलं, पिशवी घेतली आणि लावलं.

त्यानंतरचे तीन आठवडे वाईट गेले. हर्षालीचं रविवारचं धरणावर जाणं बंद झालं. मार्चमध्ये पुन्हा त्याच बेटांवर जायची परवानगी मिळत होती, त्या कागदावर तिने सही केली नाही. ती शाळेतून यायची ती पुढच्या फाटकाने, शेड टाळून. अंजलीही थांबेनाशी झाली. मालनबाई कव्हरं शिवत होत्या, पण प्रत्येक कव्हर देताना गिऱ्हाइकाला विचारायच्या, "हे नक्की कशाला वापरणार?" कूलरचं कव्हर नेणाऱ्याला याचं काय उत्तर द्यावं कळायचं नाही. मला एकदा म्हणाल्या, "बोलले नसते तर पोरगी पाण्यात तरी असती." मी म्हणाले, "आणि तुम्ही?" त्या म्हणाल्या, "माझं काय, मी हितंच."

८ फेब्रुवारी, गुरुवार. सव्वाचार वाजता अंजली आली. मागे दहा पावलांवर हर्षाली, हाताची घडी घालून. अंजलीने परकर मशीनवर टाकला.

"लूप बाहेरून लावा."

मालनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. ब्लेडने त्यांनी आपली दुहेरी टीप उसवली, त्याला चांगली दहा मिनिटं लागली. मग टेम्पोवर माल आवळून बांधायला लावतात तसला रुंद, भगभगीत केशरी पट्टा काढला आणि कडेवर बाहेरून शिवला. दोरा पांढरा, टाके लांब, सगळे वरून दिसणारे. इतकं ओबडधोबड काम मी त्यांच्या हातून कधी पाहिलं नव्हतं.

"धरा," त्या अंजलीला म्हणाल्या.

मालनबाईंनी कापड दोन्ही मुठींत धरलं. मशीनच्या या बाजूने अंजलीने लूपमध्ये हात घातला आणि ओढला. मग पाय मशीनच्या लोखंडाला टेकवून, दात आवळून, सगळं अंग मागे टाकून ओढला. मशीन हललं. टाका हलला नाही.

अंजलीने हात सोडला. मनगटावर पट्ट्याचा वळ उठला होता.

"आणखी एक टीप मारा," ती म्हणाली.