बिल्ला नसलेली सायकल

जुन्या सायकलींचा नाद फार वाईट. सायकली साठल्या की घरात बोलणी खावी लागतात. किस्से साठले तर त्यांना जागा लागत नाही, म्हणून ते आपले वाढतच जातात. कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं, आता शांतता! कसली शांतता? दर रविवारी सकाळी आमची टोळी नागपूरच्या महाल भागातल्या एका चहाच्या टपरीपुढे जमते. एक जुनी सायकल मधे उभी करायची आणि ती कोणत्या कंपनीची यावर चहा थंड होईपर्यंत भांडायचं, हा आमचा कार्यक्रम.

*

टोळीचे म्होरके मनोहरभाऊ. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. त्यांच्या मते जगातली प्रत्येक चांगली सायकल इंग्लंडमध्येच बनली. ते डोळे मिटतात, नळीवर नखाने टिचकी मारतात आणि कान लावतात. "ऐक गा! हे बर्मिंगहॅमचं लोखंड. आपल्याकडचं असं वाजतच नाही!"

बँकेतला प्रमोद आमच्यात सगळ्यात तरुण आणि सगळ्यात चावट. त्याने एकदा भाऊंच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. "भाऊ, आता सांगा."

भाऊंनी टिचकी मारली. मान हलवली. "बर्मिंगहॅम. पक्कं!"

रुमाल सोडला, तर भाऊंच्या हाताखाली टपरीतल्या बाकड्याचा पाय!

भाऊ कसले डगमगतात! म्हणाले, "मंग बाकडं इंग्लंडचं असंन!" तेव्हापासून भाऊंनी टिचकीसाठी बोट उचललं की प्रमोद खिशातून रुमाल काढतो.

*

लताताई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या ऑटोत एक गंजकी फ्रेम घालून. चाकं नाहीत, हँडल नाही. सीटचा पाइप तेवढा आत गच्च अडकलेला. कंपनीचा पितळी बिल्ला असतो तिथे नुसती दोन भोकं. भंगारवाल्याकडे दिसली आणि उचलून आणली.

"भाऊ, हे कोनं बनवली, तेवढं सांगा. माह्या बाबांची असावी असं वाटून राहिलं मले."

ताईंचे बाबा उमरेडचे विणकर. पुढे महालात येऊन हातमाग टाकला. विणलेल्या साड्या कॅरिअरवर बांधायच्या, पुढच्या दांडीवर लहानगी लता बसवायची आणि सदर बाजारातल्या दुकानात माल पोचवायचा. बाबा ऐटीत सांगायचे, "विलायती सायकल आहे. गोरा साहेब जाताना देऊन गेला." एक दिवस सदरमध्येच ती चोरीला गेली. बाबा पायी घरी आले. त्यांनी पुन्हा कधी सायकल घेतली नाही. पण रस्त्याने काळी सायकल गेली, की शेवटपर्यंत मान वळवून पाहायचे. आम्ही आणखी चहा मागवला. दुसरं काय करणार?

"दांडीवर डाव्या अंगाले पोचा हाय, पाहा. बसली की मले तिथंच टोचे."

"ताई, अर्ध्या नागपूरच्या सायकलींले तिथंच पोचा असते," मनोहरभाऊ म्हणाले.

"असंन. पण माहे दोघं भाऊ आजही हसतात. म्हनतात, विणकराले कोन देते विलायती सायकल? बाबा फेकत होते. हे बाबांची निघाली अन् विलायती निघाली, तर बाबा जिंकले. बाबांची निघाली अन् देशी निघाली, तर माहे भाऊ जिंकले."

त्या दिवसापासून आमची भांडणं जरा बदलली. आधी आम्हाला नुसती हौस होती, आता बाबांना जिंकवायचं होतं.

*

प्रमोदने फ्रेमचे फोटो इंटरनेटवरच्या जगभरच्या ग्रुपवर टाकले. पुढच्या रविवारी मनोहरभाऊ आल्या आल्या म्हणाले, "काय म्हणते जग?"

"इंग्लंडवाला म्हणते, भारतातली आहे."

"अन् भारतवाला?"

"तो म्हणते, इंग्लंडची!"

हॉलंडच्या एका गृहस्थाने मात्र मनापासून सल्ला दिला होता. फ्रेम छान आहे, अंगणात उभी करा आणि तिच्यावर वेल चढवा! ताई पदर तोंडाला लावून हसल्या. मग फ्रेमवरची धूळ त्याच पदराने पुसली.

*

मग मनोहरभाऊंनी बिल्ल्याच्या भोकांचा ध्यास घेतला. प्रत्येक कंपनीच्या बिल्ल्याची भोकं वेगळ्या अंतरावर असतात म्हणे. भाऊंनी कागदावर भोकं छापून घेतली आणि गावभर जुन्या सायकलींशी ताडून पाहू लागले. सदरमध्ये एका दुधवाल्याच्या सायकलीपुढे भर रस्त्यात गुडघे टेकले. डोळे बारीक करून, कागद दोन्ही हातांत धरून. मागून जाणाऱ्या एका बाईंनी थांबून नमस्कार केला!

दुधवाला घाबरून म्हणाला, "काका, तबियत ठीक आहे ना?"

एवढं करून भोकं जुळली ती महालातल्या एका बंद पडलेल्या सायकल दुकानाच्या बिल्ल्याशी. तेव्हाचे दुकानदार कंपनीचा बिल्ला उचकटून स्वतःच्या नावाचा ठोकायचे. म्हणजे विकली कोणी ते कळलं, बनवली कोणी ते नाहीच. भाऊ तोंड पाडून बसले.

ताई म्हणाल्या, "आमच्या साड्यांचंही तसंच होतं. शिक्का दुकानदाराचा. विणणाऱ्याचं नाव कुठंच नाही. म्हनून बाबा प्रत्येक काठाच्या कडेले एक पिवळा धागा टाकत. लाल काठ असो का हिरवा, एक धागा पिवळा. म्हनत, 'दुकानदाराले दिसत नाही. मले दिसते, बस झालं.'"

"मंग या सायकलवाल्यानंही टाकायले पाह्यजे होता एखादा!" प्रमोद म्हणाला. सगळे हसलो. ताईही हसल्या, पण जरा उशिरा.

*

आता शेवटची आशा म्हणजे सीटचा पाइप. भाऊंचा सिद्धांत असा, की पाइप भरला एक इंच तर इंग्लंड, त्याहून बारीक तर देशी. पण तो बाहेर तर निघायला हवा! रॉकेल झालं, डिझेल झालं, टपरीवरचं उकळतं पाणी झालं. शेवटी एका रविवारी प्रमोद आणि भाऊंनी फ्रेम धरली, मी पाइप धरला आणि ओढला. पाइप निघाला आणि मी बाकड्यासकट मागे! सगळी टपरी हसली.

पाइपाभोवती एक काळी मेणचट चिंधी गुंडाळलेली होती. पाइप सैल झाला की मेकॅनिक डब्याचा पत्रा कापून घालतात. इथे कोणीतरी कापड घातलं होतं. मी ते ओरबाडून फेकणार, तोच ताई म्हणाल्या, "थांबा भाऊ, द्या इकडं."

त्या टपरीच्या नळाशी जाऊन बसल्या. चहावाल्याकडून साबणाची पूड मागून घेतली आणि ती चिंधी चोळत राहिल्या. काळं पाणी बराच वेळ वाहत होतं. इकडे मी खिशातली घडीची मापपट्टी काढली आणि पाइपाला लावली.

"काय आहे गा?" भाऊंनी विचारलं. मी पट्टी त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. भाऊंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. एक इंच काही भरत नव्हता.

ताई उठून आल्या. बोटभर रुंदीची ती चिंधी दोन्ही हातांत ताणून धरली होती. लाल काठ विटून विटकरी झालेला. आणि अगदी कडेला एक धागा पिवळा.

ताईंनी डोळे पुसले आणि भाऊंकडे पाहिलं. "माप भेटलं का, भाऊ?"

मनोहरभाऊंनी माझ्या हातातली मापपट्टी घेतली, मिटली आणि माझ्याच खिशात ठेवली. मग डोळे मिटले, बोट उचललं आणि दांडीवर टिचकी मारली.

"ऐका ताई! बर्मिंगहॅम. पक्कं!"

मी प्रमोदकडे पाहिलं. त्याचा रुमाल खिशातच होता. ताईंनी खाली वाकून दांडीला कान लावला आणि म्हणाल्या, "अजून एक डाव वाजवा ना, भाऊ."