भावोजींची जुनी गिटार

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, चष्म्याचं दुकान चालवतात. दुकान त्यांच्या वडिलांनी उभं केलं, गिऱ्हाईकं वडिलांनी जोडली, ताईला पसंतही वडिलांनीच केलं. भावोजींनी स्वतःच्या हिमतीवर केलेली गोष्ट एकच, ती म्हणजे इलेक्ट्रिक गिटार घेतली.

कॉलेजात ते थोडीफार वाजवायचे. म्हणजे दोन गाण्यांची सुरुवात वाजवायचे. पुढे काय येतं ते आजतागायत आमच्या कानावर पडलेलं नाही. पन्नाशी उलटली आणि हे खूळ पुन्हा उफाळून आलं. नवी गिटार मात्र नको होती. "नव्या लाकडात जीव नसतो," ते मला म्हणाले, आणि वर, "तुला नाही कळायचं ते."

ऑर्केस्ट्रात वाजवून थकलेल्या एका वादकाकडे त्यांना हवी तशी सापडली. मी आणि ताई सोबत होतो. वादकाने ती पलंगाखालून ओढून काढली. रंग घासून लाकूड उघडं पडलेलं, अंगभर ओरखडे, वरच्या टोकाला सिगारेटचा चटका, आणि एक खुंटी भलत्याच कुठल्या गिटारची.

"आवाज येत नाही हिचा," वादक म्हणाला. "मानही वाकलीय. भिंतीवर टांगायची असेल तर न्या."

भावोजी त्या चटक्यावरून बोट फिरवत होते. "किती मैफली पाहिल्या असतील हिने."

"लग्नाचे हॉल पाहिलेत. आणि ते माझ्या मेहुण्याचं काम. पेटती सिगारेट तिथे खोचून जेवायला गेला."

भावोजींच्या कानात काही शिरलंच नाही. मागितली ती किंमत त्यांनी मोजली. वादक जिन्यापर्यंत सोडायला आला. घरातली अडगळ गेल्याचं समाधान त्याला लपवता येत नव्हतं.

मग दुरुस्ती सुरू झाली, तीही भर दुकानात. ताई म्हणाली, "अहो, जाणत्या कारागिराकडे तरी द्या." तर म्हणाले, "नको, तो हात लावेल तिला." चष्म्याच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने त्यांनी गिटार उघडली. काचा बदलायला आलेली माणसं स्टुलावर ताटकळत बसली. आतल्या सुटलेल्या वायरी त्यांनी जोडल्या, आणि आवाज आला खरा, पण उलटा. बटण वाढवलं की ती गप्प, कमी केलं की बोंबलायची. जुन्या गिटारींचं असंच असतं, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं.

एके दुपारी तारांखालचा चिकट मळ काढायला त्यांनी फ्रेमचे डाग काढायचं द्रावण घेतलं. फडकं फिरवलं तसा मळ निघाला, मागोमाग रंगही निघाला. घाबरून ते आणखीच पुसत सुटले. ताईने हात धरला तोवर ओरखड्यांसकट सगळा इतिहास फडक्यात आला होता.

ते खुर्चीत बसून राहिले. "माझं म्हणावं असं जुनं हेच एक होतं गं," ते ताईला म्हणाले. वडिलांच्या दुकानात, वडिलांच्या खुर्चीत बसून म्हणाले. ताईने ते फडकं त्यांच्या हातातून काढून घेतलं. मलाही वाईट वाटलं.

पण फार काळ नाही. गिटार रंगवून आणली आणि भावोजी पॉलिश पेपर घेऊन ती जुनी करायला बसले. किल्लीने ओरखडे काढले. आरशासमोर उभं राहून आपलं पोट तिला नेमकं कुठे टेकतं ते पाहिलं आणि तिथलं लाकूड उघडं केलं. पोट मोठं, त्यामुळे या खेपेला इतिहासही मोठा झाला.

पुढे तो वादक वाचायचा चष्मा करायला दुकानात आला. भिंतीवरच्या गिटारीकडे बराच वेळ बघून म्हणाला, "माझ्याकडे अशीच होती एक. पण हिने फारच सोसलेलं दिसतंय."

ही तुमचीच, असं सांगायला भावोजींची जीभ रेटली नाही. उलट लाजल्यासारखं हसून म्हणाले, "वाजवायचं म्हटलं की झीज व्हायचीच." वादकाने आदराने मान डोलावली.

त्याचा चष्मा ताईने करून दिला. हल्ली फ्रेम निवडून देण्यापासून काचा बसवण्यापर्यंत सगळं तीच बघते, आणि गिऱ्हाईकं तिलाच विचारत येतात. भावोजी आतल्या खोलीत वाजवतात. परवा मी गेले तेव्हा ताई एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. आतून तार किंचाळली, आजोबा दचकले.

"काही नाही, आमचे हे आहेत," ताई दांडी सरळ करत म्हणाली. "तुम्ही समोरचा बोर्ड वाचा बघू."