उकळीच्या आत उघडणारं पान

माझ्या साडूंइतका हटवादी माणूस अख्ख्या आळंद तालुक्यात झाला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. कॉलेजात गणित शिकवून उरलेला सगळा वेळ ते एका वेब फ्रेमवर्कला देतात. वेबसाइट उभी करण्याचा हा तयार सांगाडा देशोदेशीची माणसं मिळून फुकटात बांधतात. कुणी त्यात नवी जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे पानं चालवणाऱ्या तयार कोडचा गठ्ठा, आणली, की साडू निंबर्ग्याच्या शेतातल्या खोलीत जाऊन तिची परीक्षा घेतात. तिथे रेंज जेमतेम. गॅस मोठा करून चहा ठेवायचा आणि जुन्या मोबाइलवर पान उघडायचं. पानाआधी चहाला उकळी आली, की लायब्ररी नापास. एकदा मी हळूच गॅस बारीक केला, तर केवढ्यांदा ओरडले, "कॉपी करायलाव काय, सर?" अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, "ह्यांच्या परीक्षेत मी कशी पास झाले, देवालाच ठाऊक."

त्यांनी स्वतःही एक लहानशी लायब्ररी लिहिली होती. ती नेहमी उकळीच्या आत उघडे. वर्षानुवर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळली. पुढे फ्रेमवर्कमध्ये जो तो आपापली लायब्ररी घुसवू लागला, पानं जड झाली, आणि सगळ्यांनी मिळून एकच सामायिक लायब्ररी निवडायचं ठरलं. शेवटी दोन उरल्या. त्यांतली एक साडूंची. ऑनलाइन बैठकीत कॅमेरा बंद असणार होता, तरी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी शेजारीच बसलो होतो. अध्यक्षबाईंनी विचारलं, "ही निवडली तर पुढे सांभाळणार कोण?" साडू हाताची घडी घालून गप्प.

"बोला की!" मी म्हणालो.

"माझाच बैल हाय, सर. मी कसं बोलू?"

त्यांच्या घराण्यात भावकीसाठी सामायिक बैल घ्यायचा झाला, तर ज्याच्या दावणीचा बैल त्यानं बैठकीत तोंड उघडायचं नसतं. गुण इतरांनी सांगायचे. पण त्या बैठकीतल्या माणसांना हे कोण सांगणार? बाईंनी दोनदा विचारलं, थोडं थांबल्या, आणि लिहिणाऱ्यालाच रस नाही असं समजून दुसरी लायब्ररी निवडली गेली.

"कामून गप बसलाव?" अक्का रडवेली झाली होती. मला तर त्यांचा संताप आला होता. साडूंनी शर्ट काढून खुंटीला लावला.

नंतर कित्येक दिवस खपून त्यांनी आपलीच लायब्ररी पानापानातून काढली आणि तिथे नवी बसवली. "कुठं काय बांधलंय ते मलाच ठाव. दुसऱ्याच्या हातानं तुटंल," एवढंच म्हणाले.

परवा आम्ही निंबर्ग्याला गेलो. त्यांनी चहा ठेवला, मोबाइल काढला. पान काही येईना. भांड्याच्या कडेला बुडबुडे दिसू लागले. मी दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात साडूंनी हात पुढे केला आणि स्वतःच गॅस बारीक केला.

"नवी हाय," ते म्हणाले. "येईल हळूहळू."