डाग शोधणारे फोरमनकाका

फोरमनकाका कुठल्याही एसटीत सरळ चढले, असं मी कधी पाहिलं नाही. गाडी फलाटाला लागली की लोक जागेसाठी खिडकीतून रुमाल टाकायचे, आणि हे आपले गाडीभोवती चक्कर मारायचे. प्रत्येक टायरवर बुक्की मारून आवाज ऐकायचे, मग वाकून इंजिनाखाली जमिनीवर तेलाचा डाग आहे का बघायचे. तोवर गाडी भरलेली. अमरावती ते अकोला उभ्यानं जातील, पण तपासल्याशिवाय चढणार नाहीत! ड्रायव्हर चिडला तर म्हणायचे, "तुह्यावर शंका नाही बाप्पा, गाडीवर हाय."

त्यांचं सगळं आयुष्य अकोल्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेलं. निवृत्त झाल्यावर अमरावतीत आमच्या शेजारी घर बांधलं. माझे बाबा भातकुलीच्या शाळेत मास्तर. रोज सकाळी ते निघाले की कुंपणावरून "जय भीम, गुरुजी" व्हायचं आणि लगेच त्यांच्या स्कूटरच्या आवाजावर एक शेरा पडायचा. दूधवाला, गॅसवाला, मीटर बघायला येणारा, कोणाचीच सुटका नव्हती. मीटरवाल्याचं ओळखपत्र तर ते उन्हात धरून बघायचे. काकू वैतागून म्हणायच्या, "लग्नाच्या वक्ती मलेबी असंच उलटंपालटं पाह्यलं असन यायनं!"

अकरावीत मी घरात जाहीर केलं की मला एरोनॉटिकल इंजिनिअर व्हायचंय. आत्या म्हणाली, "म्हंजे हवाई सुंदरी?" मामांना वाटलं पायलट. विमान उडवायचं नाही, ते तयार करायचं, दुरुस्त ठेवायचं, हे मी इतक्यांदा सांगितलं की माझाच घसा बसला. आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच, "पोरीले झेपंल का थे?" काकांनी काहीच विचारलं नाही. आत गेले आणि एका जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर आणून माझ्या हातात ठेवला. "खोल, साफ कर आन परत बसव."

दोन दिवस मी त्या कार्ब्युरेटरशी झटले. नखं काळी, आईची बोलणी. सगळं जोडून झालं आणि जमिनीवर एक छोटा वॉशर उरला. कुठला, काही केल्या कळेना. मी तो कंपासपेटीत दडवला. रात्रभर डोळा लागला नाही म्हणा ना! सकाळी उठून काकांच्या हातावर ठेवला. "काका, हा उरला. कुठं बसतो ते समजत नाही." त्यांनी वॉशरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "हं" म्हणाले आणि तो खिशात टाकला. संपलं. मी घरी येऊन रडले. नापास झाले, असं मी तेव्हाच धरून चालले.

बारावी झाली, सीईटीचा निकाल लागला आणि घरी प्रवेशाचं मार्गदर्शन करणारे एक सर येऊ लागले. त्यांच्याकडे एका खासगी कॉलेजचं गुळगुळीत माहितीपुस्तक होतं. मुखपृष्ठावर हिरवळ आणि हिरवळीवर खरंखुरं विमान! आत्या तर ते पुस्तक शेजारीपाजारी दाखवत फिरली. काकांनी चष्मा लावला, फोटोवर बोट ठेवलं.

"हे इमान चालू करता का तुमी?"

"काका, ते मुलांना दाखवण्यासाठी आहे."

"थे समजलं. शेवटचं कवा सुरू केलं होतं?"

सरांनी चहा अर्धा सोडला. काका बाबांना म्हणाले, "गुरुजी, पाह्यल्याबिगर भरू नका. जाऊन येऊ, पन सांगून जायचं नाही."

न सांगता गेलो. काका आधी कॉलेजात शिरलेच नाहीत, फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. "फाटकाच्या आतला मानूस जाहिरात सांगते, टपरीवरचं पोट्टं खरं सांगते." अर्ध्या तासात कळलं की शेवटच्या वर्षाच्या मुलांनी अजून इंजिनाला हातही लावलेला नाही. मग आत जाऊन काका थेट विमानाखाली वाकले. फरशीवर बोट फिरवलं, हुंगलं, आम्हाला दाखवलं. बोट कोरडं. "चालत्या मशिनीखाली डाग असतेच, बेटा. इथं तर चिमनीनं घर केलं हाय." खरंच, इंजिनाच्या जागी घरटं होतं.

मला पटलं होतं, पण परतल्यावर आत्यानं कानात विष कालवलं. "त्याच्या सोताच्या पोराचं इंजिनिअरिंग अर्ध्यात सुटलं. आता दुसऱ्याचं कसं होऊ देईन तो?" मी तोंडानं "काहीतरीच काय, आत्या" म्हटलं, पण ते मनात रुतून बसलं. वॉशरही आठवला. त्या दिवसापासून काकांच्या प्रत्येक शंकेची मला शंका यायला लागली. हा माणूस कॉलेज तपासतोय की माझा रस्ता अडवतोय?

दुसरं कॉलेज लांबच्या शहरातलं, जुनं. विमान नाही, हिरवळ नाही, भिंतींचा रंग उडालेला. मला ते बघताक्षणी आवडलं. प्रयोगशाळेत एक लांबलचक पेटी होती. एका टोकाला मोठा पंखा, मध्ये काचेमागे विमानाच्या पंखाचा नमुना आणि त्यावर चिकटवलेले लोकरीचे बारीक धागे. पेटीतून वारा सोडला की धागे हलतात आणि वारा पंखावरून कसा जातो ते दिसतं, असं तिथल्या मॅडमनी समजावलं. मी डोळे फाडून बघत होते. काका मात्र वाकले. पेटीखालच्या फरशीवर बोट फिरवलं. स्वच्छ! त्यांचा चेहरा पडला. बाहेर येऊन म्हणाले, "इथंबी कोनी काम करत नाही."

माझा तोल गेला. दुसऱ्या दिवशी कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायच्या ऑप्शन फॉर्मची मुदत संपत होती आणि या माणसाला अजून डागच हवा होता! "काका, वाऱ्याचा डाग पडतो का कधी? तुम्हाला मला जाऊच द्यायचं नाही. तुमच्या मुलाचं झालं नाही म्हणून माझंही होऊ नये, असंच ना?"

बाबा ओरडले, पण बोलून गेले ते गेलेच. काका पुढे चालू लागले. बसस्टँडवर आल्यावर एवढंच म्हणाले, "बसा तुमी. आलो मी." आणि उलट्या पावली निघून गेले. तास झाला. अमरावतीच्या दोन गाड्या सुटल्या. माझा राग उतरून त्याची भीती झाली होती.

परत आले ते घामानं डबडबलेले. माझ्याशेजारी बसले. "पोराच्या वक्ती मी नुसतं पुस्तक पाहून भरलं होतं. तवा फरशी नाही पाह्यली." मग घाम पुसत म्हणाले, "तुहं बरोबर हाय, वाऱ्याचा डाग पडत नाही. पन थे धागे पाह्यले म्या, काच उघडून. टोकाले मयून काळे झाले हायेत. दोन-चार तर नवीन चिकटवले हायेत. पोट्टे हात लावतात तिथं. टाक एक नंबरवर."

मी तिथंच बाकावर बसून मोबाईलवरून फॉर्म भरला. त्यांनी तो चार वेळा वाचायला लावला. चौथ्या वेळी कॉलेजच्या कोडमधला एक चुकलेला आकडा सापडला. तो त्यांनाच दिसला, मला नाही.

आता मी विमानाची इंजिनं उघडून तपासण्याच्या कामावर आहे. पहिल्या महिन्यात काकांचा फोन आला, "तुह्या इंजिनाखाली डाग असते का?" मी म्हटलं, "काका, तसा डाग दिसला तर आम्ही आधी विमान थांबवतो."  काका मोठ्यानं हसले. "माय माय! म्हंजे मी तुले उलटंच शिकवलं!" काका गेले त्याला आता दोन वर्षं झाली. शेवटच्या आजारात सलाईनच्या बाटलीवरची तारीख वाचल्याशिवाय त्यांनी हात पुढे केला नाही, असं काकू सांगतात.

त्या कॉलेजात प्रवेश मिळून मी राहायला निघाले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. अमरावती स्टँडवर सगळे सोडायला आले होते. काकांची टायरवर बुक्क्या मारत चक्कर चालली होती. आत्यानं डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा तेच काढलं, "जाऊन तर राहिली, पन झेपंल का हिले?"

काका चक्कर सोडून आले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"काहून झेपनार नाही? वर्कशॉपात तीस वर्सं पोट्टे शिकवले म्या. जोडताना काही उरलं का समदे खिशात घालत, कोनी सांगत नसे. हे एकटी पोट्टी उरलेला वॉशर घेऊन परत आली. हिच्यावर शंका घ्याचं काम नाही."

मी खिडकीत होते.  नुसती रडत राहिले. गाडी सुटली, फलाटावरून सगळ्यांचे हात हलायला लागले. काकांचा हात मात्र दिसेना. मान बाहेर काढून बघते, तर गाडी उभी होती त्या रिकाम्या जागेवर ते खाली वाकून बोटानं जमीन तपासत होते.