भाऊंचा डावा हात

भाऊंचा डावा हात उजव्यापेक्षा जाड होता. मनगटापासून कोपरापर्यंत. कुठल्याही शर्टाची डावी बाही त्यांना आवळायची, म्हणून ते बारा महिने अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालायचे.

"बाजाची पेटी," त्यांनी मला सांगितलं होतं. "माझे वडील जलशात गायचे. मेहकरच्या बाजूची सगळी गावं पालथी घातली आम्ही. पेटी माझ्याकडे. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. उजव्याला काही जमलं नाही रे. डावा मात्र पक्का झाला."

अंबादास हिवराळे. मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात आयसीयूचे टेक्निशियन. व्हेंटिलेटर, म्हणजे रोग्याला श्वास देणारी यंत्रं, सगळी त्यांच्या ताब्यात. मी तिथेच वॉर्ड क्लार्क. मराठी घेऊन एम.ए. झालो, दोन वर्षं घरी बसलो, मग ही नोकरी मिळाली. रोग्यांचे कागद लावायचे आणि नर्सनी तासातासाला लिहिलेल्या नोंदी संगणकात भरायच्या. पहिल्याच आठवड्यात मी एका बाईंच्या डिस्चार्जच्या जागी मृत्यू भरला. बाई तेव्हा समोर बसून बिस्किट खात होत्या. भाऊंनी ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

"काय साहित्यिक, आज कुणाला मारलंस?"

रोज सकाळी. चहाआधी.

एकदा सहा नंबरच्या आजोबांचं यंत्र कोकलायला लागलं. शीतल सिस्टर पडद्यावरचे आकडे बघत होत्या, डॉक्टर आकडे बघत होते. भाऊंनी आकडे बघितले नाहीत. त्यांनी यंत्राची नळी सोडवली, तिथे रबरी फुगा जोडला आणि डाव्या हातानं दोनदा दाबला. डोळे मिटून.

"कडक लागतंय. कफ अडकलाय आत."

सिस्टरनी सक्शनची बारीक नळी घातली. हिरवट गोळा बाहेर आला. भाऊंनी परत फुगा दाबला आणि मान हलवली.

"उघडला भाता."

नंतर त्यांनी मला सरावाच्या रबरी फुप्फुसावर फुगा दाबायला दिला. मी जोर लावला. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "पिळतोस काय असा? पाहुणा आहेस तू त्याच्या छातीत. तो घेईल तेव्हा दे."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून घेतलं. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आठवडाभर चिडवलं असतं.

रोगी बरा होत आला की यंत्राची मदत रोज थोडी कमी करतात. ते दिवस नातेवाइकांना सोसत नाहीत. आपलं माणूस धापा टाकतंय, घामानं भिजलंय, आणि डॉक्टर नुसते बघत उभे. लोक रडायचे, भांडायचे. भाऊ त्यांना बाहेर बाकावर घेऊन बसायचे.

"ताई, मदत कमी केली की त्रास होणारच. सगळं यंत्रानंच केलं तर छातीचे स्नायू काम विसरतात. कपाळावर आठी आली की घाबरायचं नाही. आठी म्हणजे माणूस कामाला लागलाय."

मी हे शंभर वेळा तरी ऐकलं असेल. एकाच चालीत.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये लतावहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, न्यूमोनिया झाला. तिसऱ्या दिवशी त्या आमच्याच आयसीयूत चार नंबरच्या बेडवर होत्या. तोंडातून नळी, नळीला यंत्र. स्टाफनं आपल्या माणसाच्या बेडवरच्या यंत्राला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. आयसीयूच्या मुख्य डॉक्टर चेतना मॅडम. त्यांनी तो भाऊंना आठवण म्हणून सांगितला. भाऊंनी मान्य केला. रोज दुपारी चारला ते गणवेश उतरवायचे, घरचा शर्ट घालायचे आणि भेटीचा पास हातात धरून बाहेर नातेवाइकांच्या रांगेत उभे राहायचे. वॉचमन लाजायचा. "भाऊ, तुम्ही कशाला?" "नियम आहे बाबा," भाऊ म्हणायचे.

नवव्या दिवशी वहिनींचा एक्सरे स्वच्छ आला. गुंगीचं औषध बंद झालं. त्या डोळे उघडायच्या, मान हलवायच्या. पण यंत्र काही सुटेना. चेतना मॅडम सकाळी मदत कमी करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर वाढलेली. रात्रपाळीला वाढवावी लागली असेल, स्नायू फारच थकलेत, असं त्यांनी धरलं.

तेराव्या दिवशी, शनिवारी, त्या भाऊंना म्हणाल्या, "तोंडातून नळी यापुढे ठेवता येणार नाही. सोमवारी गळ्याला छिद्र पाडून बसवू. मग महिना लागो, दोन महिने लागोत."

भाऊंनी मान हलवली. अशी सोमवारची ऑपरेशनं त्यांनी कित्येक बघितली होती. तरी ते भिंतीला टेकले.

त्या संध्याकाळी मी चार नंबरच्या नोंदी भरत होतो. यंत्राच्या मदतीचा आकडा सकाळी आठ. दुपारी तीनला आठ. पाचला चौदा. मी आदल्या दिवसाचा कागद काढला. तीनला आठ, पाचला चौदा. त्याच्या आदल्या दिवशीही तेच.

मी शीतल सिस्टरना विचारलं, "हे चार-साडेचारला कोण वाढवतं?"

"भाऊ."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"अरे, भाऊंनी वाढवलं म्हणजे काहीतरी बघूनच ना? त्यांना मी काय शिकवू?"

मी कागद घेऊन कँटीनमध्ये गेलो. भाऊ चहा समोर ठेवून बसले होते. चहावर साय धरली होती. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. चौदाच्या आकड्यांवर पेन्सिलीनं गोल केले होते. ते बराच वेळ बघत राहिले.

"तिच्या कपाळाला आठी पडते रे," ते म्हणाले.

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"माहितेय. मीच सांगतो सगळ्यांना." त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. "नुसतं बटण फिरवायचं, निहार. दोन मिनिटांत कपाळ साफ. झोपते ती. मला वाटायचं आज राहू दे, उद्यापासून." मग म्हणाले, "इतकी वर्षं मी यंत्राकडेच बघत होतो. ती बाकावरची लोकं कुठे बघत होती ते मला कळलंच नाही."

"मॅडमना सांगावं लागेल, भाऊ."

"तू नको. मी सांगतो."

ते गेले. मी मॅडमच्या दाराबाहेर थांबलो. आतून आवाज आला नाही. मग चेतना मॅडम बाहेर आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"उद्या दुपारी चारला मी परत कमी करणार. दोन तास बघणार. जमलं तर नळी काढीन, नाही तर सोमवार आहेच. भाऊ, तुम्ही उद्या इथे यायचं नाही. हॉस्पिटलातच नाही. निहार, घेऊन जा यांना कुठेतरी."

"कुठे?"

"कुठेही. हात बांधून ठेव यांचे."

रविवारी मी विक्रोळीला कन्नमवार नगरात भाऊंच्या घरी गेलो. साडेतीनला ते तयार होऊन बसले होते. घरचा शर्ट, भांग पाडलेला. जायचं कुठेच नव्हतं. चार वाजले. ते उठले, पाणी प्यायले, बसले. डावा हात मांडीवर उघडत होता, मिटत होता. मग त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली. वडिलांची. एका कोपऱ्याला पत्रा ठोकलेला.

"इकडे बस. काळी एक धर."

मी पहिली काळी पट्टी दाबली. त्यांनी भाता मारायला घेतला. एकच सूर निघाला. भाऊ थांबले नाहीत. मीही बोट उचललं नाही. त्यांचे डोळे मिटले होते आणि हात इतका हळू चालत होता की सूर कुठे तुटतच नव्हता. पंधरा मिनिटं. अर्धा तास. माझं बोट बधिर झालं, मी दुसरं ठेवलं.

पाचच्या सुमाराला शेजारच्या काकू दारात आल्या. "काय हो हिवराळे, गाणं कधी सुरू होणार? का पेटीच बिघडलीय?"

"सूर लावतोय, काकू."

"तासभर?"

"जुनी आहे."

सहाला दहा कमी असताना माझा फोन वाजला. शीतल सिस्टर होत्या. दमल्या होत्या, हसत होत्या. "स्वतः घेतायत रे! आठी काय, शिव्या दिल्यासारखं तोंड करून घेतायत. मॅडम नळी काढतायत. सांग भाऊंना."

मी सांगितलं. भाऊंचा हात थांबला नाही.

"धर अजून थोडा वेळ," ते म्हणाले.

नळी काढल्यावर नवव्या दिवशी वहिनी घरी आल्या. भाऊ पुढल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात चेतना मॅडमनी त्यांच्या डाव्या हाताचं कौतुक केलं. त्या शनिवारचं कुणी बोललं नाही. वहिनींना ते कधी सांगायचं नाही, असं भाऊंचं आणि माझं ठरलं होतं. मी महिन्यातून एकदा कन्नमवार नगरात जायचो. भाऊ जिन्यातूनच ओरडायचे, "आला का यमदूत? लता, खिडकीपाशी जा, याला जिवंत दिसू दे!"

भाऊ अकरा दिवसांपूर्वी गेले. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसले होते, शेजाऱ्याशी बोलत होते. वाक्य अर्धं राहिलं. यंत्र, फुगा, काहीच लागलं नाही. माझ्या फोनमध्ये त्यांचा त्याच सकाळचा मेसेज आहे. "साहित्यिक, रविवारी ये. मासे आहेत." मी अजून त्याला उत्तर दिलेलं नाही.

परवा त्यांच्या घरी भाऊंच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला. बुद्धवंदना झाली, लोक जेवून गेले. मी खुर्च्या रचत होतो. वहिनी पलंगावर बसल्या होत्या.

"निहार, ते यंत्राचं बटण हे फिरवायचे. तुला ठाऊक होतं ना?"

मी खुर्ची हातात धरून उभा राहिलो.

"बोलता येत नव्हतं मला, पण समोर घड्याळ होतं. चार वाजले की हे यायचे आणि छाती हलकी व्हायची. त्या रविवारी चार वाजले. पाच वाजले. हे नाहीत. काय राग आला मला! म्हटलं, नाही येत ना? नका येऊ. घेईन माझा श्वास मीच."

त्या हसल्या, मग खोकला आला. मी पाणी दिलं.

"त्यांना कधी सांगितलंत हे?"

"नाही बाबा. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. राहू दिलं तसंच." त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. "काढ ती बाहेर."

मी पेटी काढली. त्यांनी एक पट्टी दाबून धरली. काळीच होती. मी डाव्या हातानं भाता मारू लागलो. पाच मिनिटांत कोपरापर्यंत कळ आली.

"पिळू नकोस," वहिनी म्हणाल्या. "हळू मार. मी धरलंय."