मावशीच्या खुब्यातला गोळा
आमच्या गल्लीत मावशीबद्दल एक बातमी फिरत होती. तिच्या पोटात म्हणे कंपनीने यंत्र बसवलंय, आणि ती खोटं बोलली की ते वाजतं. दूधवाल्याने तर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मावशी म्हणाली, "काल दूध पातळ होतं हं," आणि मागे वळताच, कुंईऽऽ!

बातमीत तीन चुका होत्या. पोट नव्हे, उजवा खुबा. यंत्र नव्हे, धातूचा गोळा आणि तो ज्यात फिरतो ती वाटी. आणि तो खोट्याला वाजत नव्हता, पावलाला वाजत होता. दूध पातळच होतं.

मावशी गॅसचे रेग्युलेटर बनवणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षं तपासनीस आहे. काम साधं. रेग्युलेटरमध्ये हवा भरायची, तो साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि बघत बसायचं. बुडबुडा आला की बाद. नाही आला की पुसून त्यावर आपल्या नंबराचा ठोका मारायचा. तिचा नंबर सात. कुणाच्या घरी गळती झाली की तो तुकडा परत येतो, नंबर बघतात आणि त्या नंबराच्या तपासनीस बाईला आत बोलावतात. मावशीला दोनदा बोलावलं. पहिल्या वेळी दोष दुसऱ्या कुणाचा निघाला. दुसऱ्या वेळी तिचाच होता. अंगात ताप असताना तिने तो पास केला होता आणि एका बाईच्या भुवया जळल्या होत्या. मावशी पत्ता काढून त्या बाईकडे गेली. "सात नंबर मीच," म्हणाली आणि खाली मान घालून उभी राहिली.

म्हणून खुबा बदलायचा ठरला तेव्हा तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "तपासलेला आहे ना?" डॉक्टर म्हणाले, "शासनमान्य आहे." मावशी निर्धास्त झाली. तिला वाटलं, कुठेतरी कुणीतरी बाई तिचा गोळा पाण्यात बुडवून बघत बसली असेल.

तिसऱ्या वर्षी तो वाजायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवरही. तोंडात सतत खिळा चघळल्यासारखी चव यायची. रक्त तपासलं तर त्यात धातू निघाला. गोळा वाटीवर घासून झिजत होता आणि त्याची भुकटी अंगभर फिरत होती. त्या दिवसापासून मावशी पावलं मोजून टाकू लागली. पाणी हवं असलं तरी उठायची नाही, कारण प्रत्येक कुंईबरोबर आणखी थोडं आत सांडत असणार. कुशीवर वळताना श्वास धरायची. एकदा तिला 'चिमटा' हा शब्द आठवेना, तेव्हा ती स्वयंपाकघरात हात पुढे करून तशीच उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "डोक्यातपण गेलं का गं ते?"

मग गोळा बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. गोळा फुकट बदलून देऊ, फक्त ऑफिसात येऊन संमतीपत्रावर सही करा. शुक्रवारपर्यंत.

मामाला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, हायसं वाटलं. मावशी मात्र आधी एका वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई कमी बोलतात, आणि जे बोलतात ते झोप उडवणारं.

"तुमचा गोळा कुणीही तपासलेला नाही," त्या म्हणाल्या. "कागद तपासले. आधीच्या एका गोळ्यासारखाच आहे, असं कंपनीने लिहून दिलं, तेवढ्यावर मंजुरी मिळाली. आता ते म्हणणार, सरकारने पास केलं, आमच्याकडे का येता? मंजुरी ही त्यांची ढाल आहे. ती हटवायची तर झीज होते हे त्यांना आधीच ठाऊक होतं, हे दाखवावं लागेल. आणि पुरावा तुमच्या आत आहे. बाहेर आल्यावर तो कुणाच्या हातात जातो, तेवढं सांभाळा."

शुक्रवारी मावशी आणि मामा कंपनीच्या ऑफिसात गेले. गुळगुळीत फरशी, त्यावर कुंई, कुंई. सगळी डोकी वर. टायवाल्या साहेबांच्या बोलण्यात साखर अशी की मुंग्या लागाव्यात.

"त्याचं काय आहे ना ताई, आपल्याला तुमची फाऽर काळजी आहे. इथे, इथे आणि इथे. झालं!"

मावशीने चष्मा लावला आणि चौदाच्या चौदा पानं वाचायला घेतली. एकेका ओळीवर बोट. टायवाल्याने दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा चहा विचारला, मग मामाकडे पाहून केविलवाणं हसला. बोट नवव्या कलमावर थांबलं.

"काढलेला भाग कंपनीच्या ताब्यात राहील. म्हणजे?"

"अहो ताई, तो काय तुम्ही शोकेसमध्ये मांडणार?"

"तुम्ही काय करणार त्याचं?"

"नियमाप्रमाणे विल्हेवाट."

"मग हे कलम खोडा. बाकी सगळीकडे सही करते."

साखर जरा पातळ झाली. "तसं नाही करता येत. मंजूर नमुना आहे हा."

'मंजूर' ऐकताच मावशीने पुन्हा नवव्या कलमावर बोट ठेवलं. मामा कानाशी कुजबुजला, "ताई, कर ना सही! सरकारी दवाखान्यात आठ-आठ महिने रांग आहे. तोवर तो आतच मोडला तर?"

तोच प्रश्न तिच्याही पोटात गोळा होऊन बसला होता. एक गोळा खुब्यात, एक पोटात. तिने पेनाला टोपण लावलं, उठली आणि निघाली. कुंई, कुंई, दारापर्यंत.

जिन्यात येताच ती पायरीवरच बसली. मामा तडकला, "मोठी झाशीची राणी लागून गेलीस!"

"राणी कसली, घाबरून अर्धी झालेय," मावशी म्हणाली. "पण उद्या हा आणखी कुणाच्या अंगात वाजला तर दाखवायला काही नको का? उठव मला."

मामाने हात दिला.

त्या सकाळी निघताना मावशीच्या हातातला कप बशीवर नुसता खडखडत होता. ते बघून मी म्हटलं होतं, "मावशी, तू सही करून येणार. लाव पैज." ती म्हणाली, "लावली. हरलीस तर सरकारी दवाखान्यात माझा नंबर लावायला तू जायचंस." म्हणून गेले अकरा मंगळवार त्या रांगेत मी उभी असते. 'काढलेला भाग रुग्णाला परत द्यावा' हा तिचा अर्ज दर वेळी खिडकीतून आत सरकवते. ऑपरेशनची तारीख अजून मिळालेली नाही.