पुलीचं पोट

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यातून माझ्या मावशीला कोणी वावगं बोललं, की माझं डोकंच फिरतं. त्या हिवाळ्यात शेंदूरजनाघाटच्या एका नर्सरीवाल्यानं तिला तोंडावर सांगितलं, "मावशी, हात गेला आता तुमचा. यंदापासून आराम करा."

मावशी संत्र्याचे डोळे बांधते. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा अलगद सोलून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. वीसेक दिवसांनी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा दिसला, तर कलम लागलं. काळा पडला असेल तर गेलं. उभं आयुष्य तिनं हेच केलं. पण दोन हंगाम झाले, तिनं बांधलेले डोळे काळे पडत होते. सगळे म्हणाले, वय झालं. मावशी म्हणाली, "मी बुढी झाली हे खरं हाय, पन हात नाई गेला माहा. चाकू साल फाडून राहिला. हे बजारातले काय चाकू हायेत? भाकर कापत नाई त्याइनं."

माझी सगळी शाळा तिच्या घरी राहून झाली. आता मी अकोल्यात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर आहे. छाती फुगवून बोलून गेलो, "मी बनवून देतो तुले चाकू."

आरा मशीनच्या जुन्या पात्यातून आकार कापला, दगडी ग्राइंडरवर धार काढली. काय देखणी धार होती! मावशीनं घरामागच्या रोपांची जेमतेम अर्धी ओळ बांधली आणि चाकू माझ्यापुढे टाकला. "गेला हा कामातून." चूक माझीच होती. पातं पातळ झालं की दगडावर झटकन तापतं, कड निळी पडते आणि तिथलं पोलाद मऊ होतं. इतकी बारीक धार न जाळता काढायची, तर पट्ट्याचं ग्राइंडर पाहिजे. त्यात चाकांवरून पॉलिश पेपरचा अखंड पट्टा फिरतो आणि पातं फार तापत नाही. मित्र म्हणाले, तयार मशीन मागव. मी काहून मागवू? फिटर आहे की बाहुला?

कडबा कुट्टीची जुनी मोटर आणली. लोखंडी चॅनेल कापून सांगाडा वेल्ड केला. पट्टे अमरावतीला फर्निचरवाल्यांच्या दुकानात मिळाले. राहिली चाकं. ती आमच्या ओळखीच्या लेथवाल्या चाचांनी केली. चाचांचं काम म्हणजे सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. चाकावर पोलादी पट्टी आडवी ठेवून त्यांनी ते उजेडासमोर धरलं. "देख, कुठून उजेड निघून राहिला काय?" कुठूनच नाही. अगदी सपाट.

बटण दाबलं, आणि पट्टा सर्रकन बाजूला सरकून भिंतीवर जाऊन आपटला. पुन्हा चढवला, पुन्हा तेच. मग आम्हा दोघा शहाण्यांनी काय ठरवावं? चाकं अजून पुरेशी सपाट नाहीत! चाचांनी ती पुन्हा लेथवर चढवली, इतकी सपाट केली की आरसा झक मारेल. पट्टा आणखीच लवकर पळाला. चार पट्टे फाटले. मग ते म्हणाले, "तुह्या वेल्डिंगमध्येच वाकडेपना हाय." मी म्हणालो, "लेथ म्हातारा झाला तुमचा." झालं, आठ दिवस बोलणं बंद.

तिकडून मावशीचा फोन. "होऊन राहिलं का काई? मालकानं एक ओळ देली मले. यातले डोळे लागले तर ठेवतो म्हने, नाई तर घरी बसा. दिवस चालले ना बापा!" फोन ठेवला. मला स्वतःचीच चीड आली होती.

त्याच आठवड्यात जठारपेठेत ज्वारीचं दळण घेऊन गेलो. माझा नंबर मागे होता, म्हणून गिरणीचा पट्टा बघत बसलो. रुंद, जुनाट, ठिगळं लावलेला पट्टा, फडफडत होता पण पुलीवरून हलत नव्हता. जिनिंगमध्ये माझे सगळे पट्टे खाचेत बसणारे, सपाट पट्ट्याशी माझा कधी संबंधच आला नव्हता. गिरणी थांबली तशी मी पुलीवर बोट फिरवलं. मध्ये उंचवटा होता! गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, "पोट असतेच ना भाऊ पुलीले. नाई तर पट्टा ठरते काय? उंचाकडंच चढते तो."

दळण तिथेच टाकून पळालो. चाचांचे पाय धरायचेच बाकी ठेवले, आणि त्यांना ओढत गिरणीवर आणलं. त्यांनी खिशातली पट्टी काढून पुलीवर ठेवली. दोन्ही कडांना उजेड! चाचांनी पट्टी उलटी करून पुन्हा ठेवून पाहिली. मग म्हणाले, "या अल्ला. इतके दिवस आपन दोघं गधे बनून राहिलो."

जन्मभर सपाट काम केलेल्या माणसानं त्या दिवशी मुद्दाम वरच्या चाकाच्या दोन्ही कडा कागदभर उतरवल्या. उतरवताना पुटपुटत होते, जणू पाप करत होते. बटण दाबलं. पट्टा जरा थरथरला, मध्ये आला आणि ठरला. चाचांनी मुद्दाम चाक कलवलं, पट्टा तेवढाच सरकला आणि तिथे ठरला. चाक सरळ केलं, पट्टा परत मध्ये. च्यामारी, काय आनंद झाला सांगू! चाचांनी मला मिठी मारली, आणि रस्त्यावरचे लोक आत डोकावून बघायला लागले.

नवं पातं पाण्यात बुडवत बुडवत घासलं. कडेवर निळा ठिपकासुद्धा नाही. तो चाकू घेऊन अमरावतीमार्गे बसनं गेलो, मावशीच्या हातात दिला. तिनं नखावर धार टेकवली आणि मालकानं दिलेली ओळ बांधायला बसली.

वीस दिवसांनी पट्ट्या सोडायला मालक स्वतः वाकले. पहिला डोळा हिरवा. दुसरा हिरवा. तिसरा हिरवा. मावशी पदराचं टोक मुठीत आवळून उभी होती. ओळीच्या शेवटापर्यंत दोनच डोळे काळे निघाले. मालक सरळ झाले, टोपी मागेपुढे केली. "मावशी, उद्यापासून या."

"उद्या कायले? आताच बसतो." तिनं पोतं अंथरलं, पुढच्या ओळीशी बसली आणि पहिली चीर दिली. साल मुळीच फाटली नाही. मी तिच्या डोक्यावर वाकून बघत होतो, माझे डोळे भरून आले होते.

"सरक ना बापा," ती वर न बघता म्हणाली, "उजेड अडवून राहिला तू."